आयबीएसचं मूळ तोंडात शोधायला नको का?

लोकलवाला
सात वर्षं आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे सतत पोट दुखणं-बिघडणं) सोसतोय, घर सोडायच्या आधी तीनदा संडास, कुठल्या स्टेशनवर बरं टॉयलेट आहे ते सगळं पाठ. गेल्या वर्षी हिरड्यांतून रक्त यायला लागलं म्हणून डेंटिस्टकडे गेलो, दोनदा खोलवर सफाई झाली आणि पुढचे दोन महिने पोट इतकं शांत की मलाच खरं वाटेना. आपण दिवसाला साधारण लिटरभर लाळ गिळतो, तिच्यासोबत करोडो जंतू पोटात जातात. २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवलंय की हिरड्या सुजल्या की तोंडात क्लेब्सिएलासारखे जंतू माजतात अन् आतड्यात उतरून तिथली सूज वाढवतात. मग पोटाचा डॉक्टर एकदाही 'आ करा' का म्हणत नाही?

साधंवरण
दादा, त्रास खरा आहे तुमचा, पण ते उंदीर कोलायटिसचे, म्हणजे मोठं आतडं सुजलेले होते. आतडं खरोखर सुजतं ते आयबीडी वेगळं, आयबीएस वेगळं. आयबीएसमध्ये कोलोनोस्कोपी केली तर आतडं नॉर्मल दिसतं, त्यात दुखणं असतं ते आतड्याच्या नसांचं, हालचालीचं, मेंदूशी चाललेल्या निरोपांचं. शिवाय गिळलेले बहुतेक जंतू जठरातल्या ॲसिडमध्येच मरतात.

लोकलवाला
ॲसिड असेल तर ना! आपल्याकडे निम्मी बिल्डिंग सकाळी उपाशीपोटी ॲसिड कमी करणारी पॅन्टोप्राझोल घेते, वर्षानुवर्षं, कुणी बंद कर म्हणून सांगत नाही. अशा गोळ्या घेणाऱ्यांच्या शौचात तोंडातले जंतू जास्त सापडतात हे २०१६ मध्येच छापून आलंय.

साधंवरण
सापडले म्हणजे त्यांनीच दुखवलं असं होत नाही. संसर्गातून आयबीएस होतो हे मी नाकारतच नाहीये, २००० साली कॅनडातल्या वॉकर्टन गावात पिण्याचं पाणी दूषित झालं, हजारो लोकांना जुलाब झाले आणि त्यातल्या कित्येकांना पुढे वर्षानुवर्षं आयबीएस राहिला. पण ते जंतू पाण्यातून आले होते, हिरडीतून नाही.

दातांची डॉक्टर
मी रोज हिरड्याच बघते म्हणून विचारते, सफाईनंतर गोळ्या दिल्या होत्या का?

लोकलवाला
हो ताई, मेट्रोनिडाझोल, पाच दिवस.

दातांची डॉक्टर
मग पोट सफाईने शांत झालं की त्या गोळ्यांनी, हे कसं ठरवणार? ती अँटिबायोटिक आतड्यातल्या जंतूंवरही चालते. रिफॅक्सिमिन ह्या दुसऱ्या अँटिबायोटिकच्या मोठ्या चाचण्या २०११ मध्ये आल्या, बद्धकोष्ठ नसलेल्या आयबीएसमध्ये शंभरातल्या साधारण ४१ जणांना आराम पडला आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्या ३२ जणांनाही. रक्त येणाऱ्या हिरडीवर उपचार हवेतच, पण पोट बरं होईल असं सांगून मी कुणाला खुर्चीत बसवणार नाही.

लोकलवाला
पटतंय थोडं. पण गोळ्या असोत की सफाई, फरक जंतू मेल्यानेच पडला ना? तोंडाला सोडून द्या हे मला अजून मान्य नाही.

साधंवरण
नका सोडू. फक्त एक सांगा, शौचातून रक्त, वजन कमी होणं, झोपेतून उठून पळावं लागणं, यातलं काही?

लोकलवाला
रक्त नाही. पण हल्ली पहाटे चारला उठावं लागतं.

साधंवरण
मग नुसतं आयबीएस समजून बसू नका. ह्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, शौचाची कॅल्प्रोटेक्टिन टेस्ट करायची का विचारा, आतड्यात सूज आहे का ते त्यात कळतं. रिपोर्ट आला की इथे लिहा.