रे: रे: डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमची ट्रिप (आणि १८९१ च्या फायनलचं गौडबंगाल)

काका, तुमचं डब्लिनपुराण ऐकून जुने स्कोअर काढून बघितले. १८९१ ची आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलची फायनल, डब्लिन २-१ (म्हणजे २ गोल, १ पॉइंट), कॉर्क १-९. आजच्यासारखे गोलाचे ३ पॉइंट धरले तर ७ विरुद्ध १२, आणि जिंकलं म्हणे डब्लिन! आम्ही कॉर्कवाल्यांनी हे निमूट ऐकून घ्यायचं का?

---

अगं ऐकायलाच लागेल 😄 तेव्हा गोलाचे पॉइंट करायची पद्धतच नव्हती. ज्याचे गोल जास्त तो जिंकला, गोल सारखे झाले तरच पॉइंट बघायचे, म्हणजे तुमच्या लोकांनी ९ काय ९० मारले असते तरी पाणीच. आणि कॉर्क म्हणजे काउंटीतले (जिल्ह्यातले) निवडून काढलेले खेळाडू असं समजू नकोस हं, काउंटीचा चॅम्पियन क्लबच थेट उतरायचा, तुमच्याकडून मॅकरूमजवळचं क्लॉनड्रोहिड, आमच्याकडून यंग आयरलंड्स. एका बाजूला २१ जण! ४२ माणसं एका बॉलमागे, त्यात गोल व्हायचा तरी कसा देव जाणे, म्हणूनच बहुतेक त्याला एवढा भाव होता. मॅच डब्लिनच्या ड्रमकॉन्ड्राला क्लॉनटर्क पार्कात, तीसुद्धा १८९२ च्या फेब्रुवारीत. तारखांचा सगळा आनंदच होता, पहिल्या १८८७ च्या स्पर्धेची फायनल १८८८ च्या एप्रिलमध्ये झाली (लिमरिकने लाउथला हरवलं), आणि १८८८ ची तर पुरीच झाली नाही कारण खेळाडू अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. आपल्या मंडळाची एजीएम बरी म्हणायची.

---

एजीएमला मध्ये आणू नका, मिनिट्स अजून तुमच्याकडेच आहेत 🙂

आणि पुढचं सोयीस्कर गाळलंत की! लगेच पुढच्या सीझनपासून गोलाचे ५ पॉइंट ठरले, टीमपण १७ ची केली. ३ झाले ते १८९६ ला. आता ५ ने करा हिशोब. डब्लिन ११, कॉर्क १४. म्हणजे आजच्या नियमाने आम्ही, पुढच्या वर्षीच्या नियमाने पण आम्ही, फक्त त्याच वर्षी तुम्ही. आणि बरं, १८९२ पण डब्लिननेच जिंकलं, केरीला हरवून, तिथे १-४ विरुद्ध ०-३, त्यामुळे कुठलाही नियम लावा, बोलायला जागा नाही. ते मान्य. पण १८९१ आमचंच, ट्रिपच्या बसमध्ये कॉर्कवाले पुढच्या सीटवर बसणार.