मदत हवी आहे: 'दाउ'ला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी. १६०३ सालच्या सर वॉल्टर रॅले या इंग्रज दरबाऱ्यावरच्या राजद्रोहाच्या खटल्याचा मजकूर मराठीत आणतेय आणि 'दाउ' (thou) या जुन्या इंग्रजी सर्वनामापाशी अडलेय. मुळात हा साधा एकवचनी 'तू'. पुढे फ्रेंच वळणाने थोरामोठ्यांना 'यू' सुरू झालं, 'दाउ' उरला जवळच्यांना, नोकरांना, नाहीतर अपमानाला. सरकारी वकील एडवर्ड कोकने भर कोर्टात रॅलेला मुद्दाम 'दाउ' केलं, वर 'तुला दाउ करतोय' असं बजावलंही! त्याच शतकात क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळी सगळ्यांनाच 'दाउ' म्हणून रोष ओढवून घ्यायची. आज मात्र प्रार्थनांमुळे तो भारदस्त वाटतो. (आपण विठोबालाही अरेतुरेच करतो म्हणा.)

कोकच्या तोंडी नुसतं 'तू' मिळमिळीत वाटतंय. 'अरेतुरे करतोय तुला, गद्दारा' चालेल का? की याहून झोंबणारं काही सुचतंय?