लॅपटॉपचे दोन स्क्रू अडलेत, कसे काढू?

वाकडी_बिजागरी:
मंडळी, मदत करा. लॅपटॉप पलंगावरून पडला, उजवी बिजागरी गेली, स्क्रीन उघडली की खालचं कव्हर पण फाकतं. नवीन बिजागरी मागवलीये, पण खालच्या १० स्क्रूंपैकी ८ निघाले आणि बिजागरीजवळचे दोन अडलेत. एकाची प्लसची खाच पार गोल झालीये (मीच केली, मिक्सरच्या स्क्रूड्रायव्हरने, बोलू नका), दुसरा नुसता गरागरा फिरतो पण वर येत नाही. रबरबँड ठेवून बघितलं, रबरच तुटलं. ड्रिल मारू का?

सोल्डरवाला:
ड्रिल सगळ्यात शेवटी. आधी चार्जर काढा आणि लॅपटॉप पूर्ण बंद करा, स्लीपवर नको. हे स्क्रू बहुतेक एम२ नाहीतर एम२.५ (म्हणजे २ किंवा २.५ मिमी जाडीचे) असतात, त्यांना प्लसचा पीएच०, फार तर त्याहून एक माप मोठा पीएच१ बिट लागतो. बऱ्याच स्क्रूंच्या आट्यांना निळं लॉकिंग (स्क्रू आपोआप ढिला होऊ नये म्हणून चिकट थर) लावलेलं असतं म्हणून पहिला झटका जड जातो. सोल्डरिंग आयर्नचं टोक १०-१५ सेकंद स्क्रूच्या डोक्यावर धरा, लगेच जोर दाबून फिरवा. जास्त वेळ धरलंत तर आजूबाजूचं प्लॅस्टिक वितळेल.

तापकीर_गल्लीचा_पंखा:
मी तर सरळ टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचा बिट) वापरतो. टी५ किंवा टी६, जो थोडा घट्ट बसेल तो गोल झालेल्या खाचेत हलक्या हाताने ठोकायचा आणि फिरवायचा. आत जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल तर मात्र ठोकाठोकी नको, एसएसडी असेल तर चालतं. बिटचा सेट घ्याच एकदा, पुण्यात असाल तर तापकीर गल्लीत चक्कर मारा.

उगाच_उघडतो:
दुसऱ्या स्क्रूबद्दल कोणीच बोललं नाही. तो कदाचित कव्हरलाच अडकून राहणारा असेल, तसे असतात काही मॉडेलमध्ये, म्हणजे तो सुटलाय आणि तुम्ही उगाच फिरवताय. नाहीतर प्लॅस्टिकमधलं पितळी बुश (आतून आटे असलेली छोटी नळी, स्क्रू तिच्यातच बसतो) सुटून स्क्रूबरोबर फिरतंय, पडलेल्या लॅपटॉपमध्ये बिजागरीपाशी हेच होतं. जुनं एटीएम कार्ड फटीत घालून कव्हर तिथे वर ताणून धरा आणि फिरवा. बुशच निघालं तर अराल्डाइटने बसवा, पण आट्यांत गोंद गेला तर परत इथेच धागा काढाल 😄

सोल्डरवाला:
आणि ड्रिल मारायची वेळ आलीच तर फक्त डोकं उडवा, बाजूच्या फटींवर टेप लावा. धातूचा चुरा बोर्डवर पडला की शॉर्ट. कव्हर निघालं की उरलेला दांडा पकडीने फिरवून काढा.

वाकडी_बिजागरी:
निघाले!! आयर्नने काही झालं नाही पण टी६ ने पहिला आला, दुसऱ्याचं बुशच हातात आलं. आता नवीन गंमत, ते ८ स्क्रू मी एकाच वाटीत टाकलेत आणि त्यातले ३ जरा लांब दिसतायत.

उगाच_उघडतो:
अरे देवा. लांब बहुतेक मागे बिजागरीकडचे असतात, पण अंदाजाने पिळू नका, टचपॅड नाहीतर बोर्ड फोडाल. प्रत्येक भोकात टूथपिक घालून खोली बघा.