‘लाइफटाइम वॉरंटी’तले आयुष्य कुणाचे?

प्रश्न : फ्लाय रॉडच्या (बनावट माशीचे आमिष लावून मासे धरण्याच्या काठीच्या) माहितीपत्रकाचे भाषांतर करताना ‘लाइफटाइम वॉरंटी’साठी मी ‘आजीवन हमी’ असे लिहिले, पण ते मनाला पटत नाही. शिवाय वॉरंटी आणि गॅरंटी या दोहोंसाठी ‘हमी’ हा एकच शब्द चालेल का?

उत्तर : दुसरी शंका लवकर मिटण्यासारखी आहे. दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत. जुन्या फ्रेंचच्या उत्तरेकडील बोलीतले ‘व’चे रूप आणि इतर बोलींतले ‘ग’चे रूप अशी दोन्ही इंग्रजीत शिरली (वॉर्डन आणि गार्डियन ही जोडीही तशीच). रॉडच्या व्यापारातही हा भेद काटेकोरपणे पाळला जात नाही, त्यामुळे ‘हमी’ पुरेसा आहे.

खरी अडचण ‘आजीवन’ची आहे. आजीवन सदस्य म्हटले की आयुष्य सदस्याचे हे सांगावे लागत नाही. रॉडच्या बाबतीत मात्र ते रॉडचे, की घेणाऱ्याचे, असा प्रश्न उरतोच. बहुतेक कंपन्यांच्या अटींत ‘मूळ खरेदीदार’ हे शब्द असतात, म्हणजे रॉड विकला की ही आजीवन हमी, मालक आणि रॉड दोघेही धडधाकट असताना, संपते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतही, जाहिरातीत हा शब्द वापरल्यास आयुष्य कशाचे ते स्पष्ट करावे, असे म्हटले आहे. ऑर्विससारखी कंपनी सरळ 25 वर्षे असा आकडा देते. भाषांतरकाराला ते सोयीचे.

‘हमी कशाची’ हेही पाहावे. निर्मितीदोष आणि अपघाती मोडतोड या वेगळ्या गोष्टी आहेत, पण कार्बन फायबरच्या रॉडमध्ये त्यांची सीमा पुसट होते. दोरी फेकताना जड मण्याची बनावट माशी टोकाच्या तुकड्यावर आपटली, तर डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा ओरखडा पडतो, आणि रॉड त्याच जागी मोडतो तो कदाचित काही आठवड्यांनी, एखादा लहानसा मासा ओढताना. मालकाला तो दोषच वाटतो. त्यामुळे अनेक कंपन्या कारणाचा वाद न घालता ठरावीक रक्कम घेऊन तुकडा दुरुस्त करतात किंवा बदलून देतात. याला ‘हमी’ म्हणावे की सवलतीची दुरुस्ती? माझ्या मते दुसरेच.

प्रश्नकर्ता : मग त्या ठरावीक रकमेला, म्हणजे ‘हँडलिंग फी’ला, काय म्हणावे? ‘हाताळणी शुल्क’ कृत्रिम वाटते.

उत्तर : वीजबिलातला ‘स्थिर आकार’ आपल्या अंगवळणी पडलेला आहे, तेव्हा ‘सेवा आकार’ म्हणावे. संपूर्ण ओळ मी अशी लिहीन : ‘मूळ खरेदीदाराकडे रॉड असेपर्यंत निर्मितीदोषाची हमी, अपघाताने मोडल्यास सेवा आकार घेऊन दुरुस्ती.’ ओळ लांबते, पण ‘आजीवन’ गाळता येतो.