ग्रानिता म्हणजे आपला बर्फाचा गोळाच ना? घरी जमेल का?

फोंड्याची_सून:
मंडळी, पुढच्या आठवड्यात नणंद पोरांना घेऊन मुंबईहून येतेय. तिने कुठेतरी इटलीचा ग्रानिता बघितला तेव्हापासून तोच धोशा लावलाय. मला तर तो जत्रेतला गोळाच वाटतो, फक्त काडी काढून ग्लासात घातलेला. मशीन नाही, साधा फ्रीज आहे, आणि दुपारची लाइट जाते ती जातेच. मिक्सरला बर्फ फिरवून वर सिरप ओतलं तर चालेल का? घरात कोकमाचं आगळ आणि मानकुराद आंबे आहेत.

डिचोलीकर:
नाही हो, गोळा वेगळा. गोळ्याचा बर्फ साध्या पाण्याचा, चव वरून ओततात, म्हणून रस चोखून झाला की हातात फिक्का पांढरा बर्फ उरतो. ग्रानिता सिसिलीचा, म्हणजे इटलीतल्या बेटावरचा. साखर आणि रस आधीच पाण्यात घालतात आणि गोठताना सारखं ढवळतात, त्यामुळे कणाकणाला चव. गोळ्याची सख्खी बहीण रोममध्ये, ग्रात्ताकेक्का. टायबर नदीच्या काठाला टपऱ्या आहेत, तिथे बर्फाची लादी हाताने खरवडून वर सिरप घालतात, चिंचेचंसुद्धा! आपल्याकडे गोव्यात किनाऱ्यावरच्या एका शॅकमध्ये मला ग्रानिता म्हणून मिक्सरमधला बर्फ नि निळं सिरप दिलेलं, आणि बिल बघून डोळे पांढरे.

बार्देशची_ताई:
मिक्सर विसर. सगळा खेळ साखरेचा आहे. साखर असली की पाणी शून्यावर सगळंच्या सगळं गोठत नाही, थोडं पातळ राहतं आणि कण सुटे राहतात. कमी घातलीस तर लादी, जास्त घातलीस तर नुसता चिखल. साधारण १ लिटरला २०० ते २५० ग्रॅम धर. थोड्या पाण्यात गरम करून साखर विरघळव, पूर्ण गार कर, मग लिंबाचा रस घाल (रस गरम पाकात घालू नकोस, वास जातो) आणि पसरट स्टीलच्या ताटात बोटभर ओत. कडेला आधी गोठतं, ते काट्याने खरवडून मध्ये आण, अर्ध्या-अर्ध्या तासाने हेच करत रहा, तीन-चार तास जातील. मधे लाइट गेली तर घाबरू नको, आल्यावर परत खरवड. मानकुरादाला साखर हात राखून घाल, तो मुळातच गोड. आगळात मीठ असतं आणि मिठानेही गोठणं लांबतं, तेव्हा आगळ नको, सोलां (आमसुलं) भिजवून त्याचं पाणी घे.

म्हापसेकर:
उराक (काजूची दारू) अजून मिळतोय ना बाजारात? लिंबाच्या ग्रानितावर वरून चमचाभर. आत मिसळू नका, दारूने गोठतच नाही नीट.

डिचोलीकर:
@म्हापसेकर, पोरं येतायत रे बाबा!
एक राहिलं, फ्रीज नव्हते तेव्हा सिसिलीवाले एटना ज्वालामुखीवरचा बर्फ हिवाळ्यात खड्ड्यांत आणि गुहांत साठवायचे आणि उन्हाळ्यात खाली विकायला आणायचे, ते काम करणाऱ्यांना नेव्हारोली म्हणत. पुढे बर्फात मीठ घालून त्यात भांडं ठेवून फिरवायला लागले, आपल्या पॉट आइस्क्रीमचीच पद्धत. आणि तिकडे हा नाश्ता आहे बरं का, सकाळी सकाळी बदामाचा, तुतीचा, मेस्सिना शहरात तर कॉफीचा, वर क्रीम, आणि सोबत ब्रिओश म्हणून मऊ गोड पाव, डोक्यावर छोटा गोळा असलेला. तो गोळा आधी तोडायचा आणि ग्रानितात बुडवून खायचा.

फोंड्याची_सून:
सकाळी बर्फ! सासूबाई घरात घेतील का मला. पण ते पावाचं भारी आहे, आमचा पोदेर (पाववाला) सकाळी येतोच, उंडे पाव चालतील?

बार्देशची_ताई:
उंडो नको गं, त्याची साल कडक असते आणि गोड पण नाही. बेकरीतला गोड बन घे, तो रस पितो. पोईला (कोंड्याच्या पावाला) तर हातच लावू नकोस, ती शाकुतीच्या रश्शाबरोबरच बरी.