मदत हवी आहे: बॅकअपला (दुसरी राखीव बंदूक म्हणून) ग्लॉक २६ पिस्तूल घेऊ की छोटी रिव्हॉल्व्हर?

नुकताच पोलिसात लागलोय, ड्युटीला ग्लॉक १७ आहे, बॅकअपला परवानगी आहे पण ९ एमएम किंवा .३८ स्पेशल याच गोळ्यांचं चालतं. ग्लॉक २६ घोट्याच्या होल्स्टरमध्ये लावून बघितली, १७ चं मॅगझिन तिला चालतं हे भारीच आणि गाडीत बसल्यावर हात पटकन पोचतो, पण पळताना पट्टा घसरतो आणि उभ्याने झटापट झाली तर खाली वाकायचं कसं? स्मिथ अँड वेसन ६४२ ही रिव्हॉल्व्हर खिशात मस्त बसते, समोरच्याच्या अंगाला टेकवून झाडली तरी पिस्तुलासारखी स्लाइड (वरचा सरकणारा भाग) अडकायचा प्रश्नच नाही, पण गोळ्या ५ च आणि ट्रिगर जड. बुलेटप्रूफ व्हेस्टवरचं होल्स्टर अजून वापरलेलं नाही. उजवा हात कुणी धरून ठेवला तरी डाव्या हाताने निघालीच पाहिजे, यात तडजोड नाही. रोज बॅकअप बाळगणाऱ्यांनी सांगा, कुठली घेऊ आणि अंगावर नेमकी कुठे लावू?