कॉलनीतली सत्तरच्या दशकातली बाग सपाट करणार म्हणतात. वाचवता येईल का?

विजापूर_रोड
नमस्कार मंडळी. आमच्या कॉलनीच्या मधोमध ७२च्या दुष्काळानंतर लगेच आखलेली बाग आहे. पुतळा नाही, फुलांचे ताटवे नाहीत. जमीन टप्प्याटप्प्यानं खाली उतरवलेली, उतारावर शहाबादी फरशीच्या लांब पायऱ्या, बसायलाही त्याच. तळाशी गिलावा न केलेल्या काँक्रीटचा उथळ हौद, एका अंगाला काँक्रीटच्याच तुळयांचा मांडव, भोवती कडुनिंब आणि रेन ट्री. एप्रिलात पारा ४२ च्या पुढं गेला तरी दुपारी तिथं बसवतं.

आता कमिटीपुढं नवा नकाशा आलाय. खड्डा भरून सपाट करायचा, वर पेव्हर ब्लॉक, ओपन जिम, प्लॅस्टिकचं गवत, रंगीत दिव्यांची कमान. मी विरोध केला तर एकजण म्हणाले, "हा काय भुईकोट किल्ला आहे का जपायला?" मला ते फार लागलं. ही बाग कुणीतरी डोकं लावून आखलीय. कायद्याचा काही आधार मिळेल का? सर्वसाधारण सभा जवळ आलीय.

सात_रस्ता
दादा, दुसरी बाजूही ऐका. आमच्याकडं अशीच खोलगट बाग आहे. सासूबाईंना गुडघ्यांमुळं पायऱ्या उतरता येत नाहीत. हौदात पावसाचं पाणी साचतं, डास होतात. दिवेलागणीनंतर खालच्या टप्प्यात अंधार, पोरी तिकडं फिरकत नाहीत. बाग सुंदर आहे हे मलाही पटतं. पण या तीन गोष्टींचं उत्तर नसेल तर सभेत बायका तुमच्या बाजूनं हात वर करणार नाहीत.

मुरूम_माती
मालक, मी स्थापत्य अभियंता, आता निवृत्त. आयुष्यभर रस्ते आणि मैदानांची कामं केली, म्हणून सविस्तर लिहितो.

कायद्याचं आधी. १९५८ च्या केंद्रीय स्मारक कायद्यात किमान १०० वर्षांची अट आहे, ती वाट सोडा. दिल्लीतलं १९७२ चं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनाचं सभागृह २०१७ साली पाडलं, तिथंही दिल्लीच्या वारसा समितीची ६० वर्षांची अट पुरी होत नाही हेच आडवं आलं. स्वातंत्र्यानंतरच्या चांगल्या कामांची अशीच वाट लागतेय, आणि मला त्याचा संताप येतो.

झाडांचं मात्र वेगळं आहे. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यात २०२१ ला दुरुस्ती झाली. आता शहरातलं ५० वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज वृक्ष धरतात. तुमचे कडुनिंब बागेबरोबर लावलेले असतील तर त्या वयाला पोचले. खड्डा भरला की भराव थेट बुंध्यांवर येणार. मुळांवर दोन-तीन फूट माती दाबून बसली की त्यांना हवा मिळत नाही, झाड हळूहळू वाळत जातं. कुऱ्हाड लागलेली नसते, त्यामुळं कुणाला जाबही विचारता येत नाही. हे वृक्ष प्राधिकरणाला आत्ताच लेखी कळवा, पोच घ्या.

"किल्ला आहे का" म्हणणाऱ्यांना दिल्लीच्या लोदी गार्डनचं सांगा. लोक तिथं मकबरे बघायला जातात, पण आजची आखणी बरीचशी १९६८ ची, जोसेफ स्टाइन आणि गॅरेट एक्बो यांची. जुन्या घुमटांना शोभा आली ती त्या नव्या कामामुळं.

ताईंचे तिन्ही मुद्दे रास्त आहेत, आणि त्यांना उत्तर आहे. अमेरिकेत मिनियापोलिस शहरात पीव्ही प्लाझा म्हणून पॉल फ्रीडबर्ग यांचं १९७५ चं काम आहे. तुमच्यासारखंच, खाली उतरत गेलेलं, मधे पाणी. ते पाडायचं ठरलं होतं. प्रकरण कोर्टात गेलं, २०१३ मध्ये त्याची ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत नोंद झाली आणि २०१९ मध्ये दुरुस्त होऊन ते पुन्हा खुलं झालं. तिथं रॅम्प घातले आणि खोल हौदाऐवजी पाण्याचा पातळ थर ठेवला. टप्पे तसेच राहिले. याउलट डेन्व्हरचं स्कायलाइन पार्क, लॉरेन्स हॅल्प्रिन यांचं, २००३ मध्ये उखडलं. ते परत मिळणार नाही.

आता दुरुस्ती. पायऱ्या कलंडल्या असतील तर दोष आखणीचा नाही, आपल्या काळ्या मातीचा आहे. ती पावसात फुगते, उन्हात आकसते. फरशी काढायची, खालची काळी माती उपसून मुरूम धुम्मस करून भरायचा, तीच फरशी परत बसवायची. मांडवाच्या तुळयांची सळई उघडी पडली असेल तर सुटलेलं काँक्रीट छाटा, गंज घासून काढा, सळईला गंजरोधक लावा आणि पॉलिमर मॉर्टर भरा. रंग मात्र देऊ नका, हात जोडून सांगतो. हौदाच्या तळाला उतार देऊन पाणी झाडांच्या आळ्यांकडं काढलं की डासांचा प्रश्न मिटला.

सात_रस्ता
रॅम्प खरंच बसेल का? पुष्कळ ठिकाणी नावाला घालतात, व्हीलचेअर ढकलवत नाही.

मुरूम_माती
ताई, एक फूट चढायला किमान १२ फूट लांबी लागते, त्याहून उभा नको. चार फूट उतरायचं तर ४८ फूट, शिवाय मधे थांबायला सपाट जागा. लांब पायऱ्यांच्या कडेनं वळवून नेला तर बसावा. दिवे उंच खांबावर नकोत, पायरीच्या नाकाजवळ खाली उजेड पडेल असे लावा.

विजापूर_रोड
सर, ताई, मनापासून आभार. मूळ आखणी कुणाची हे कुठं सापडेल?

मुरूम_माती
लेआउट मंजुरीची फाईल नगररचना विभागात मागा, नाही दिली तर माहिती अधिकारात अर्ज करा. सोसायटीच्या जुन्या इतिवृत्तात बिलं असतील, तीही चाळा. तोवर टेप आणि लेव्हल पाइप (पातळी बघायची पाणी भरलेली पारदर्शक नळी) घेऊन बाग मोजा. प्रत्येक टप्प्याची उंची, पायरीची रुंदी, झाडाचा घेर, सगळं कागदावर हवं. सभेत दुरुस्तीचा खर्च आणि नव्या कामाचा खर्च शेजारी शेजारी मांडा. मोजणीला माणूस कमी पडला तर मला निरोप टाका, मी येतो.

विजापूर_रोड
रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत मोजायला घेतो. ताई, तुम्हीही या. रॅम्प कुठून काढायचा ते तुमच्या सासूबाईंना विचारूनच ठरवू.